समुद्राकाठचा चातुर्मास

लक्ष्मीपूजन आणि लाभपंचमी यांच्या मधल्या दिवसांत बाजारपेठ मिटलेली असते. वह्यांचे पूजन झालेले असते, नव्या वहीत पहिली रक्कम अजून पडायची असते. वर्षभर दुकान सोडून कोठेही न जाणारे व्यापारी कुटुंब नेमके याच दिवसांत गाडीत बसते आणि पुणे, नगर, ठाणे, मुंबई येथून समुद्राकडे निघते. अलिबागला उतरावे, वरसोलीच्या सुरूच्या बनातून फिरावे, ओहोटीची वेळ साधून ओल्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाऊन यावे. हवा सौम्य, आकाश धुऊन निघालेले, समुद्र शांत. चाळीस-पंचेचाळीस वर्षे गादीवर बसलेला कुटुंबप्रमुख एका संध्याकाळी सहज बोलून जातो, “आता इथेच येऊन राहावे.” मुलाने व्यवहार हाती घेतलेला असतो, नातवंडे मोठी झालेली असतात. समुद्राकाठच्या अनेक घरांच्या सौद्याला या एका वाक्यातून प्रारंभ होतो.

हे वाक्य कार्तिकातले असते. राहायचे मात्र आषाढातही असते.

अलिबाग हे केवळ सहलीचे गाव नव्हे. रायगड जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण आहे, न्यायालये आणि कचेऱ्या तेथे आहेत. कान्होजी आंग्रे यांची समाधी गावात आहे आणि कुलाबा किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले आहे. मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून येथे कायमचे वास्तव्य करणाऱ्यांत एका संस्थेचाही समावेश करावा लागेल. कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांना मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचा उपद्रव होणार हे ध्यानात आल्यावर ती अलिबागला हलविण्यात आली आणि १९०४ मध्ये तेथे स्वतंत्र वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीत लोखंड वापरायचे नाही, हा दंडक होता. सव्वाशे वर्षे होत आली, ती संस्था तेथे सुखाने नांदते आहे. मात्र उपकरणांना शेजार लागत नाही, वैद्य लागत नाही आणि देरासर वा स्थानक किती अंतरावर आहे याचीही त्यांना चौकशी नसते.

माणसाला ही सगळी चौकशी करावी लागते, आणि ती पावसाळ्यात करावी लागते. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबागला तो दोन हजारांच्या पुढे जातो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला तासाभरात पोहोचविणाऱ्या प्रवासी बोटी मे महिना संपता संपता बंद होतात आणि पावसाचा जोर ओसरल्यावरच पुन्हा सुटतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो बोट सुरू झाली, तिने पावसाळ्यातील अडचण बरीच हलकी केली. तरीही समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. मग उरतो तो पेण-वडखळचा रस्ता. शनिवार-रविवारी तो पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो आणि मुसळधार पावसात खड्ड्यांनी.

त्याच वर्षी, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत झोपल्या. श्रीवर्धन-मुरूड भागातील कित्येक गावे त्यानंतर दीर्घ काळ अंधारात होती. अशी वादळे दरवर्षी येत नाहीत हे खरे. पण कायमचे राहणाऱ्याला ती हिशेबात धरावीच लागतात.

रोजचे दुखणे वादळापेक्षा लहान आणि अधिक चिवट असते. खारी हवा लोखंड खाते. खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, पंख्याचे आस, शीतकपाटाची पाठ यांवर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ असते. आणि स्वयंपाकघर! कुरकुरीत खाखरा डब्यातून निघताना वातड झालेला असतो, पापड वाळत नाहीत, लोणच्यावर, चामड्याच्या पट्ट्यावर, कपाटातल्या शालींवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. पक्वान्नाची मर्यादा पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस, हा नियम शहरातील कोरड्या घरात अनेकांना केवळ परंपरेने पाळायचा नियम वाटतो. समुद्राकाठच्या घरात पहिल्याच श्रावणात त्याचे कारण डोळ्यांना दिसते. अंगणात, पायऱ्यांवर, भिंतींच्या कडेला शेवाळ चढते, तेव्हा जयणा पाळून पाऊल कोठे टाकावे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. पिठाचा डबा लहान ठेवावा लागतो, धान्य वरचेवर निवडावे लागते, घराच्या कोपऱ्यांत ओल साचू द्यायची नाही याची रोज काळजी वाहावी लागते.

हे काम कोण करते? येथेच या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाजू समोर येते. निवृत्ती पुरुषाची असते. दुकानाची किल्ली मुलाच्या हाती दिली की त्याचे काम सुटते. बाईचे काम मात्र गावाबरोबर बदलते, सुटत नाही. “तुम्ही दुकान सोडलंत, मी चूल कुठं सोडली?” हा प्रश्न अशा घरांत कधी उघड, कधी मनात विचारला जातो. पुण्याच्या पेठेत तिला महिला मंडळ असते, दुपारची सामायिक करायला चार मैत्रिणी असतात, स्थानकात साध्वीजींचे व्याख्यान असते, आयंबिलाची ओळी सामुदायिक होते. व्यापाऱ्याचा गोतावळा दूरध्वनीवरही टिकतो, कारण तो व्यवहाराचा असतो. तिचा गोतावळा पायी चालत जाण्याच्या अंतरावरचा असतो आणि गाव सुटले की तो सुटतो. समुद्राकाठी घर घ्यावे की नाही याचा निर्णय ज्या घरात केवळ पुरुषाच्या बोलण्यावर झाला, तेथे दोन-तीन वर्षांत परतीचा विचार सुरू होतो, आणि तो बहुधा तिच्या मौनातून सुरू होतो.

साधर्मिकांचा प्रश्न अगदीच बिकट आहे असे नव्हे. पेण, पोयनाड, अलिबाग, रेवदंडा या बाजारपेठांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. कापड, किराणा, भांडी, सोने-चांदी यांच्या दुकानांवरील नावांवरून ती सहज ओळखू येतात. नव्याने येणाऱ्या कुटुंबाने बंगला घेतला दूरच्या किहीमला किंवा नागावला, बागेसाठी, शांततेसाठी; आणि साधर्मिक राहिले बाजारपेठेत. मधले काही किलोमीटर तरुणपणी काहीच नसतात. सत्तरीनंतर, पावसात, रात्रीचे प्रतिक्रमण आटोपून परतताना, तेच अंतर मोठे होते. समुद्र दिसणाऱ्या घरापेक्षा देरासराची घंटा ऐकू येणारे घर अधिक काळ टिकते, मग त्याच्या गच्चीवरून समुद्राची नुसती रेघ दिसली तरी चालेल.

साधु-साध्वींचा योग हा आणखी वेगळा विचार. पायी विहार करणाऱ्यांना मांडव्याची बोट नाही. त्यांना वडखळवरून आत वळावे लागते आणि त्याच वाटेने बहुधा परतावे लागते. अलिबाग वाटेवरचे गाव नाही, वाटेच्या टोकाचे आहे. याउलट उत्तरेकडील डहाणूचा विचार करणाऱ्यांना एक अनुकूलता लाभते. मुंबई-गुजरात हा साधु-साध्वींच्या विहाराचा मोठा मार्ग तेथून फार दूर नाही, आणि चातुर्मासाच्या आधी व नंतर गोचरी-वैयावच्चाचा लाभ मिळण्याची शक्यता अधिक. शिवाय २०१३ पासून लोकलगाडी थेट डहाणू रोडपर्यंत धावते, तिला भरती-ओहोटी ठाऊक नाही. चिकूच्या वाड्यांचे हे शांत गाव १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जपले गेले. आता त्याच तालुक्यात वाढवण येथे प्रचंड बंदर उभे राहू लागले आहे. त्यामुळे दहा वर्षांनंतरचे डहाणू कसे असेल, हा प्रश्न तेथे घर पाहणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

व्यापाऱ्याला जमिनीचा भाव विचारायला शिकवावे लागत नाही. पण भाव विचारण्याच्या सवयीतच एक सापळा आहे. राहण्यासाठी म्हणून पाहिलेले घर दुसऱ्या भेटीत गुंतवणूक होते आणि तिसऱ्या भेटीत दोन गुंठ्यांऐवजी दोन एकरांची बोलणी सुरू होतात. महाराष्ट्रात शेतजमीन खरेदी करणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हे सातबारा पाहण्याआधी ध्यानात घ्यावे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा १९९१ पासून सागरी किनारा नियमनाखाली आहे. किहीमच्या किनाऱ्यावरचा एक बहुचर्चित आलिशान बंगला २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, ते दृश्य अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. दलालाचे तोंडी आश्वासन अशा वेळी उपयोगी पडत नाही. आणि एवढे करून घेतलेली मोठी बाग, तिचा माळी, तिचा पंप, तिची कुंपणे हे सर्व सांभाळण्यातच दिवस जाणार असतील, तर सोडलेले दुकान पुन्हा मांडल्यासारखेच झाले. परिग्रहाचे परिमाण उतारवयात आखडावे अशी अपेक्षा असते. समुद्राकाठी ते नकळत वाढते.

मागे ठेवलेल्या गोष्टींचाही नीट विचार हवा. गावातील राहती जागा आणि पेढी मुलांच्या नावे करून रिकाम्या हाती निघण्यात एक प्रकारचे औदार्य वाटते. कायदा मात्र अधिक व्यवहारी आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली न गेल्यास, परत मिळविता येते. त्यासाठी ती अट लिहून ठेवलेली बरी. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. शहरात एक खोली आपली म्हणून राहिली, तर शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने कोणाचे उपकार न वाटता तेथे काढता येतात. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पण हृदयाच्या वा मेंदूच्या गंभीर दुखण्यासाठी लोक पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठतात, आणि पनवेल साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पावसाळी रात्री तेवढा रस्ता काटायला किती वेळ लागेल, याची चौकशी घराच्या रंगाआधी करावी.

शेजाराविषयी समाजात कुजबुजत बोलले जाते, ते स्पष्ट बोललेले बरे. किनारा कोळ्यांचा आहे. पाऊस सरला की कोळीवाड्यांत बोंबील वाळत पडतात आणि वारा फिरला की त्यांचा वास बंगल्याच्या दिवाणखान्यात येतो. नारळी पौर्णिमेला सागरपूजा होऊन मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत श्वेतांबरांचे पर्युषण येते. एका घरात अठ्ठाईचे पच्चक्खाण आणि पलीकडच्या वाडीत होड्यांची लगबग, असे दोन्ही एकाच वेळी चालते. ज्याला हे पाहवणार नाही त्याने किनाऱ्यावर घर करू नये. यात कमीपणा नाही. पण ज्याने केले त्याने आल्या दिवसापासून नाकाला रुमाल लावून तक्रारी मांडू नयेत. वादळात झाड घरावर पडले तर कुऱ्हाड घेऊन पहिला धावून येतो तो वाडीतला शेजारीच. भाजीबाजारातही हाच प्रकार. अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदा वेणीसारखा गुंफून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टांगलेला असतो, आणि जैन कुटुंबाला त्याच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहावे लागते. त्याची भरपाई रायगडचे कडवे वाल करतात. मोड आणून, सोलून केलेल्या त्यांच्या उसळीसाठी कांद्यावाचून काही अडत नाही, ओले खोबरे पुरेसे असते.

या साऱ्या अडचणी वाचून कोणी म्हणेल, मग जावेच कशाला? याचे उत्तर शोधताना उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आठवते. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ मोठा धनाढ्य होता. त्याच्याकडे बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या, त्यांपैकी चार कोटी निधानात, चार व्यापारात आणि चार घरसंसारात. चाळीस हजार गायी होत्या. भगवान महावीरांकडून त्याने बारा व्रते घेतली आणि चौदा वर्षे ती संसारात राहून पाळली. पंधराव्या वर्षी त्याने आप्तेष्टांना भोजनास बोलावले, सर्वांसमक्ष थोरल्या मुलाच्या हाती कारभार दिला, आणि येथून पुढे कोणत्याही व्यवहारात आपला सल्ला विचारू नये असे सांगितले. मग तो कोल्लाग सन्निवेशातील पौषधशाळेत जाऊन राहिला.

या कथेतील दोन गोष्टी व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोग्या आहेत. कोल्लाग फार दूर नव्हते. वाणिज्यग्रामच्या ईशान्येला लागूनच होते आणि आनंदाचे अनेक नातलग, स्नेही तेथे राहत होते. म्हणजे तो दूर गेला नाही, पण विलग झाला. दुसरी गोष्ट त्याच्या त्या निरोपाची: मला विचारू नका. आजच्या निवृत्त व्यापाऱ्याला यातली पहिली गोष्ट करता येत नाही आणि दुसरी तो करीत नाही. तो दीडशे किलोमीटर दूर जातो आणि सकाळी दहाच्या ठोक्याला, दुकान उघडायच्या वेळी, झोपाळ्यावर बसून मुलाला फोन लावतो. आजचा भाव काय, अमक्याची उधारी आली का, नवा मुनीम कसा आहे. समुद्र समोर असतो आणि मन मार्केट यार्डात असते. मुलाला वडिलांची साथ मिळत नाही, केवळ प्रश्न मिळतात. अशा माणसाने शहरातच राहणे अधिक चांगले. निदान त्याच्या अनुभवाचा पेढीला उपयोग तरी होईल.

आनंदाच्या कथेचा पुढचा भाग समुद्राकाठी राहणाऱ्यांना विशेष आवडावा. पौषधशाळेत आराधना करीत असता त्याला अवधिज्ञान झाले, आणि पूर्व, दक्षिण व पश्चिम या दिशांना लवणसमुद्रात पाचशे योजनांपर्यंत तो पाहू शकला. गौतमस्वामींना प्रथम यावर विश्वास बसेना. तेव्हा भगवंतांनी त्यांनाच आनंदाची क्षमा मागावयास पाठविले. समुद्र पाहण्यासाठी आनंदाला पौषधशाळेबाहेर पाऊल टाकावे लागले नव्हते.

श्रावकाच्या व्रतांत दिशांची मर्यादा घालणारे दिक्परिमाण आहे आणि ती मर्यादा काही काळापुरती आणखी आखडणारे देशावकाशिक आहे. व्यापार म्हणजे दिशा वाढवीत नेणे. या व्रतांचा ओघ उलटा. सहलीचे गाव वर्षभर राहण्यासाठी निवडणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, आषाढ ते कार्तिक या काळात देशावकाशिकाच्या जवळ येऊन ठेपतो. बोटी बंद, हॉटेले निम्मी ओस, पाहुणे येत नाहीत, चालण्यासाठी बाजारापर्यंतचा रस्ता तेवढा मोकळा. हॉटेलवाला या महिन्यांना मंदी म्हणतो. साधुसंघ मात्र नेमके याच महिन्यांत विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतो, कारण जमिनीवर सर्वत्र जीव उगवलेला असतो. ज्यांचे समुद्राकाठचे घर टिकले, त्यांना हे चार महिने सुटीतील खंड वाटले नाहीत. वर्षाचा गाभा वाटला. सकाळी सामायिक, दुपारी वर्षानुवर्षे राहून गेलेल्या ग्रंथाचे वाचन, बाजारपेठेतील मुलांसाठी पाठशाळा चालविण्यास मदत, संध्याकाळी प्रतिक्रमण. हिशेब येणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक लहान संघाला असते. फक्त तेथे मालक म्हणून बसायचे नसते.

व्यापाऱ्याच्या जुन्या विद्येचा एक अनपेक्षित उपयोगही येथे होतो. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीचा तास. अष्टमीला पाऊणकी आठ, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फार हलत नाही. पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे ज्यांना शाळेत घोकावे लागले आणि ज्यांना आठम-चौदस पाळायची म्हणून तिथी तोंडपाठ असते, त्यांना समुद्राचे हे वेळापत्रक विनासायास समजते. नातवंडे आली की आजोबा घड्याळ न पाहता किल्ल्याची वाट केव्हा उघडेल ते सांगतात.

सूर्यास्ताचेही असेच. सहलीला आलेले लोक त्या वेळी भेळ आणि कणसे घेऊन वाळूवर बसतात. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वी ताटे उचललेली असतात, गाळलेले पाणी पिऊन झालेले असते. डिसेंबरात हे सारे सहाच्या आत, जूनमध्ये सव्वासातच्या आत. मग हात मोकळे असतात आणि किनाऱ्यावर जाऊन काही न खाता, काही विकत न घेता बसता येते.

ज्यांचा विचार अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक साधा मार्ग आहे. कार्तिकात काही ठरवू नये. एक चातुर्मास भाड्याच्या घरात, बाजारपेठेजवळ, दोघांनी मिळून काढावा. आषाढी चौदसला जावे, मध्ये परतू नये. पुण्याचे घर झाडून-पुसून बंद ठेवावे. मुलाला आठवड्यातून एकदा फोन करावा आणि त्यात भाव विचारू नये. संवत्सरीचा खमतखामणा त्या गावात कोणाकोणाशी झाला, ते दोघांनी बसून मोजावे. ती संख्या बरेच काही सांगते. आणि घर घेण्याचा शब्द त्या वेळी दोघांपैकी तिने आधी काढावा, त्याने नव्हे.

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो. साधु-साध्वी पाट-पाटले परत करून विहाराला निघतात, संघ त्यांना वेशीपर्यंत पोहोचवायला जातो. मांडव्याचा धक्का तोवर पुन्हा गजबजलेला असतो, वडखळच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. गावात वर्षभर राहणारे जोडपे त्या शनिवारी सकाळी आठच्या आतच भाजी घेऊन घरी परतलेले असते, कारण नंतर बाजारात पाय ठेवायला जागा उरणार नाही.